जवस उर्फ अळशी : कुठून आला, काय करतो, किती खावा

वैनगंगाकाठ :

गेल्या आठवड्यात पुण्यातल्या एका दुकानात जवसाचं पाव किलोचं पाकीट हातात घेतलं. त्यावर कुठल्याशा परदेशी शेताचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत 'सुपरफूड'. शेजारी उभ्या असलेल्या काकूंनी विचारलं, "हे अळीवच ना?" नाही म्हटलं आणि मग दहा-पंधरा मिनिटं आम्ही दोघी तिथेच बोलत उभ्या राहिलो. घरी आल्यावर वाटलं, हे सगळं एकदा नीट लिहून काढावं, म्हणून हा धागा.

माझं माहेर भंडारा जिल्ह्यात. आमच्याकडे धान. धान कापायला दहा-पंधरा दिवस उरले आणि बांधीत अजून ओल आहे, अशा वेळी उभ्या धानातच जवस आणि लाखोळी फेकून पेरतात. याला उतेरा म्हणतात. नांगर घालायचा नाही, पाणी द्यायचं नाही. जमिनीत राहिलेल्या ओलीवर पीक येतं. धान कापून झालं की खाली बोटभर जवस उगवून आलेला दिसतो. पुढे थंडीत सगळ्या बांध्या निळ्या होतात. हे फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत त्याच्या पाकळ्या गळून पडतात. त्यामुळे शाळेत जाताना निळं दिसणारं शेत परत येताना हिरवं असायचं. लहानपणी मला वाटायचं, मध्ये कुणीतरी येऊन फुलं तोडून नेतं.

घरात जवसाशिवाय दिवस जात नसे. तेल जवसाचं, भाकरीबरोबर चटणी जवसाची, आणि घाणीवरून आलेली ढेप बैलांना आणि दुभत्या गाईला. बाळंतिणीच्या खोलीतही जवसाचे लाडू असायचे. आजी चटणी कुटायला बसली की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची : "पोरी, जवस तडतडला नाही तं कुटू नको." तिला ओमेगा-३ माहीत नव्हतं, पण अख्खा जवस खाऊन उपयोग नाही आणि कच्चा खाऊ नये, हे दोन्ही तिला पक्कं ठाऊक होतं. आजही जवसाबद्दल मला कुणी विचारलं तर मी याच दोन गोष्टी आधी सांगते.

आता थोडा इतिहास, जो मला गेल्या काही वर्षांत वाचता वाचता सापडला.

माणसाने जवस आधी खाल्ला की आधी नेसला, सांगणं कठीण आहे. जॉर्जिया देशातल्या झुझुआना गुहेत रानटी जवसाचे धागे सापडले. ते सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीचे आहेत, आणि त्यातले काही चक्क रंगवलेले आहेत. २००९ साली हा शोध प्रसिद्ध झाला. म्हणजे शेती सुरू व्हायच्या कितीतरी आधी माणूस या झाडाचा दोरा वळत होता. पुढे पश्चिम आशियात गहू, सातू, मसूर यांच्याबरोबरच जवसही माणसाने शेतात आणला. पहिल्या लागवडीच्या पिकांत त्याचा नंबर लागतो.

इजिप्तमध्ये तर या झाडाने कमालच केली. ममी ज्या पट्ट्यांत गुंडाळत त्या जवसाच्या खोडाच्या धाग्याच्या, म्हणजेच लिननच्या. तारखान इथल्या दफनभूमीतून १९१३ साली निघालेल्या कपड्यांच्या ढिगात एक शिवलेला अंगरखा सापडला. आज तो लंडनच्या पेट्री संग्रहालयात आहे. कार्बन कालमापनाने त्याचं वय पाच हजार वर्षांहून जास्त निघालं. बाह्यांना चुण्या घातलेल्या आहेत. पाच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हौसेने त्या घातल्या असतील! बायबलमधल्या निर्गमाच्या कथेतही इजिप्तवर पडलेल्या गारांनी जवस आणि सातू झोडपून काढल्याचा उल्लेख आहे.

इंग्रजीतले लाइन, लायनिंग, लिनन, लिनोलियम हे शब्द लॅटिन 'लिनम'वरून आले, आणि लिनम म्हणजे जवस. सरळ रेघ काढायला ताणलेला दोरा जवसाचा असे, म्हणून 'लाइन'. लिनीअसने १७५३ साली झाडाला शास्त्रीय नाव दिलं लिनम युसिटॅटिसिमम. मागच्या शब्दाचा अर्थ 'अतिशय उपयोगी'. नाव ठेवणाऱ्याने याहून जास्त काय म्हणावं!

आपल्याकडे संस्कृतात याला अतसी, उमा, क्षुमा अशी नावं. क्षुमेपासून झालेलं वस्त्र ते क्षौम. आणि कृष्णाचा सावळा-निळा रंग सांगताना स्तोत्रांत 'अतसीपुष्पसंकाश' म्हटलंय. ज्याने थंडीतली जवसाची बांधी पाहिली आहे त्याला हे विशेषण समजावून सांगावं लागत नाही.

आरोग्याबद्दल मी मुद्दाम फार लिहीत नाही, कारण इथे माझ्याहून जाणती माणसं आहेत. फक्त एवढंच म्हणते की आमच्या घरात जवस हे अन्न होतं, औषध म्हणून चमच्याने मोजून कुणी घेत नव्हतं. आज फोनवर जे संदेश फिरतात त्यात जवस मधुमेह घालवतो, कर्करोग घालवतो, गुडघे बरे करतो. मला जवस मनापासून प्रिय आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावावर खोटं खपवलेलं सहन होत नाही.

आपापल्या भागातले वापर, आठवणी, शंका जरूर लिहा.

—

अबोली :

फार छान लिहिलंय, ती निळी शेतं डोळ्यांसमोर आली. आम्ही कोकणातले, आमच्याकडे अळशी म्हणतात, पण ती खायची वस्तू म्हणून मला माहीतच नव्हती. गळू झालं की अळशीचं पोटीस, एवढाच संबंध. आणि खरं सांगते, अळीव आणि अळशी यात माझाही गोंधळ होतो. दोन्ही लालसर तपकिरीच ना?

दुसरी शंका : आईला थायरॉइडची गोळी चालू आहे. तिने जवस खाल्ला तर चालेल का? कुणी सांगितलं की अजिबात नको, कुणी म्हणतं रोज घ्या.

—

वैनगंगाकाठ :

अबोली, अळीव म्हणजे हळीव, बारीक, लांबट आणि विटकरी रंगाचे. नारळ-गुळात लाडू करतो ते. जवस त्याच्याहून मोठा, चपटा, एका टोकाला निमुळता आणि इतका तुळतुळीत की मुठीत धरला तर बोटांतून निसटतो. दोन्ही भिजवले की बुळबुळीत होतात, म्हणून गोंधळ होत असावा. झाडं मात्र अगदी वेगळ्या कुळांतली. अळीव मोहरीच्या कुळातला.

थायरॉइडबद्दल जाणकार सांगतील.

—

मातीचे_घडे :

इतिहासात थोडी भर घालतो. आपल्या महाराष्ट्रातच याचा जुना पुरावा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी चांडोली इथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. जोर्वे संस्कृतीची वस्ती, तीन हजार वर्षांहून जुनी. तिथे तांब्याचे मणी मिळाले आणि ते ज्या दोऱ्यात ओवले होते तो दोरा तपासल्यावर जवसाचा निघाला. तांब्याच्या गंजामुळे तो टिकून राहिला, एरवी आपल्या हवेत असा दोरा टिकणं अशक्य. आणि महेश्वरसमोर नर्मदेच्या दुसऱ्या काठावर नावडातोली आहे, तिथल्या ताम्रपाषाणयुगीन घरांत गहू, मसूर, मूग यांच्याबरोबर जवसाचे दाणेही सापडले.

व्याकरणातही एक सुंदर पुरावा आहे. पाणिनीने कोणत्या पिकाच्या शेताला काय म्हणायचं याचे नियम दिले आहेत. तीळ, उडीद यांच्याच सूत्रात 'उमा' येते. जवसाच्या शेताला दोन शब्द : उम्य आणि औमीन. शेताला स्वतंत्र नाव आहे याचा अर्थ हे पीक तेव्हा सगळ्यांच्या नजरेसमोरचं होतं. वैनगंगाकाठ, तुमच्या त्या निळ्या बांधीला पाणिनीने 'औमीन' म्हटलं असतं.

अमरकोशातही अतसी, उमा, क्षुमा एकाच ओळीत आहेत.

—

वैनगंगाकाठ :

औमीन! हा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकला. मनापासून आभार. आता गावाला गेले की भावाला सांगणार आहे.

—

रानवारा :

मी वर्धा जिल्ह्यात शेती करतो. ताई, तुम्ही लिहिलेल्या त्या निळ्या बांध्या आता शोधाव्या लागतात, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९७०च्या दशकात देशात सुमारे २० लाख हेक्टरवर जवस होता. आता दोन-तीन लाखांवर आला आहे. कारण समजून घ्या. ओलिताची सोय झाली तिथे रब्बीत गहू आला. खरिपात सोयाबीन आलं, आणि सोयाबीनबरोबर त्याचं स्वस्त, पांढरं, बिनवासाचं तेल आलं. जवसाच्या तेलाला वास आहे, ते लवकर खवट होतं. पोरांना ते जेवणात नको झालं. घाण्या बंद पडल्या. घाणी नाही तर गावात जवस द्यायचा कुणाला? व्यापारी पोत्याने घेतो तो रंग-वार्निशवाल्यांसाठी, भाव तो ठरवतो. उतेऱ्यात उत्पन्नही हातात फार येत नाही, कारण पिकाकडे कुणी बघतच नाही. जे मिळालं ते मिळालं.

त्यात कळीवरची गादमाशी. कळीत अंडी घालते, आत अळी, आणि बोंडच धरत नाही. उशिरा पेरलेल्या जवसावर ती जास्त तुटून पडते. दुसरा तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग. तांबेऱ्याबद्दल एक गोष्ट वाचली होती ती सांगतो : अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटात हॅरॉल्ड फ्लॉर नावाच्या शास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावरच काम करून दाखवलं की पिकातल्या एकेका प्रतिकारक जनुकासमोर रोगाचंही एकेक जनुक असतं. आज गव्हापासून भातापर्यंत रोगाला दाद न देणारी जी वाणं निघतात, त्यांच्या मागे हा विचार आहे, आणि तो जवसाच्या झाडावर सुचला.

आमच्याकडे नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसाचं संशोधन होतं. एनएल-९७, पीकेव्ही एनएल-२६० ही वाणं तिथलीच. मी दोन एकर हरभऱ्यात जवसाच्या ओळी घेतो. हरभरा बुटका, जवस उंच, दोघं एकमेकांना आडवे येत नाहीत. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी साधली तर गादमाशीतून बराच सुटतो. विकत घेणारे शहरातले लोक थेट माझ्याकडून घेतात म्हणून परवडतं. सुपरफूड म्हणा की काहीही म्हणा, पण घ्या. फक्त ज्याच्या शेतात पिकतो त्याच्यापर्यंत त्यातले चार पैसे पोचले पाहिजेत.

—

आहार_विचार :

मी आहारतज्ज्ञ आहे, नाशिकला काम करते. रोज चार जण तरी जवसाबद्दल विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आत काय आहे ते. १०० ग्रॅम जवसात साधारण ४२ ग्रॅम स्निग्धांश, २७ ग्रॅम तंतू आणि १८ ग्रॅम प्रथिनं असतात. या स्निग्धांशातला निम्म्याहून जास्त भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे वनस्पतीतलं ओमेगा-३. १० ग्रॅम जवस कुटून खाल्ला (मोठा चमचा भरून) तर त्यातून सुमारे २.३ ग्रॅम मिळतं. बाईची दिवसाची गरज १.१ ग्रॅम, पुरुषाची १.६ ग्रॅम धरतात. म्हणजे एका चमच्यात काम होतं. रोज वाटीभर खायची मुळीच गरज नाही.

पण इथे एक गोष्ट पाकिटावर कधीच लिहिलेली नसते. माशातलं ओमेगा-३ आणि जवसातलं ओमेगा-३ एक नाही. जवसातलं आम्ल शरीराला माशातल्या प्रकारात बदलावं लागतं आणि हे काम शरीर फार कमी करतं. त्यातलं डीएचए (माशातल्या ओमेगा-३चा एक प्रकार) तर नावापुरतंच बनतं. शाकाहारी माणसाला जवस खरंच उपयोगी आहे, पण 'जवस खाल्ला की मासे खाल्ल्यासारखंच' हे खरं नाही.

दुसरा घटक लिग्नान. खाण्यातल्या सगळ्या पदार्थांत लिग्नान सर्वात जास्त जवसात असतात. आतड्यातले जिवाणू त्यांचं रूपांतर करतात आणि जे तयार होतं ते स्त्री-संप्रेरकासारखं अगदी सौम्य काम करतं.

आता अभ्यास काय सांगतात.

रक्तदाब : कॅनडात पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांवर प्रयोग झाला, २०१३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेला जवस पदार्थांत घालून दिला, बाकीच्यांना तसेच दिसणारे पण जवस नसलेले पदार्थ. जवसवाल्यांचा वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १० ने आणि खालचा सुमारे ७ ने कमी आढळला. हा परिणाम मोठा आहे आणि मी तो गांभीर्याने घेते. पण हे आजारी लोक होते, नेहमीची औषधं चालू होती, आणि ३० ग्रॅम म्हणजे आपल्या चटणीच्या चमच्याच्या तिप्पट.

कोलेस्टेरॉल : २००९ साली २८ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. अख्ख्या बियांच्या पुडीने वाईट कोलेस्टेरॉल सरासरी ६ मिलिग्रॅमच्या आसपास उतरलं. नुसत्या तेलाने काही फरक पडला नाही. म्हणजे काम तंतूंचं आणि लिग्नानचं दिसतं. तेलाच्या कॅप्सूलवर पैसे घालणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१४ साली जवसाने कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते असं लिहायची परवानगी दिली, तीही दिवसाला ४० ग्रॅम दळलेल्या जवसासाठी.

पाळी जाताना येणाऱ्या गरम वाफा : यावर फार आशा होती. १८८ बायकांवर सहा आठवड्यांचा प्रयोग झाला, २०१२ साली छापून आला. जवस घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या दोन्ही गटांत सारखाच फरक दिसला. मला स्वतःला वाईट वाटलं होतं, पण आहे हे असं आहे.

बद्धकोष्ठ : इथे मात्र मी डोळे मिटून सांगते. तंतू आणि चिकट पदार्थ दोन्ही असल्याने काम होतं. अट एकच, वरून भरपूर पाणी. पाणी कमी पडलं तर हाच जवस आतड्यात घट्ट बसतो.

अबोली, तुमच्या आईबद्दल : कच्च्या जवसात सायनाइड सोडणारे काही घटक अल्प प्रमाणात असतात. भाजल्यावर ते बरेच कमी होतात, आणि जे थोडं उरतं ते शरीर निकामी करतं. पण त्यातून जो पदार्थ बनतो तो फार झाला तर थायरॉइडला आयोडीन घेताना अडवतो. भाजलेल्या चटणीच्या एका चमच्याने तेवढं होत नाही. कच्च्या जवसाची पूड वाटीवाटीने शेकमध्ये घालू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सकाळची गोळी आणि जवस यात चांगलं अंतर ठेवा, कारण तंतू गोळी नीट शोषू देत नाहीत. गोळी उपाशीपोटी सकाळी, जवस दुपारच्या जेवणात. डॉक्टरांना एकदा सांगून ठेवा.

रक्त पातळ करणारी औषधं घेणारे, आतड्याचं अरुंदपण असलेले, संप्रेरकांशी संबंधित कर्करोग झालेले आणि गरोदर बायका यांनी विचारल्याशिवाय रोजचा नेम धरू नये. गरोदरपणी चटणी चाखायला हरकत नाही, मोजून मोठं प्रमाण घेऊ नये.

—

निर्मळ :

ताई, तुम्ही अभ्यासाचं सांगितलंत ते मान्य, पण माझा अनुभव वेगळा आहे. तीन वर्षं रोज सकाळी एक चमचा घेतोय. गुडघे दुखायचे थांबले. आता याला काय म्हणाल?

—

आहार_विचार :

निर्मळ, तुमचे गुडघे थांबले याचा आनंदच आहे आणि एक चमचा तुम्ही सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. पण या तीन वर्षांत आणखी काय बदललं? सकाळी उठून काहीतरी नेमाने घेणारा माणूस बहुधा चालायलाही लागतो, वजनही थोडं उतरवतो. त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं हे एका माणसावरून ठरत नाही.

मी एवढी चिकाटीने का लिहिते ते सांगते. माझ्या सख्ख्या मावशीने असाच एक संदेश वाचून रक्तदाबाची गोळी बंद केली आणि जवस सुरू केला. सुरुवातीला बरं वाटत होतं, म्हणून कुणाला सांगितलंच नाही. दीड महिन्यांनी सकाळी उठल्यावर उजवा हात उचलेना. वेळेवर दवाखान्यात नेता आलं म्हणून बचावली, पण अजून तिला साडीची गाठ मारता येत नाही. जवसाने तिचं काही वाईट केलं नाही. गोळी बंद केल्याने झालं. जवस गोळीच्या जोडीला घ्या, गोळीच्या जागी घेऊ नका.

—

निर्मळ :

हे वाचून अंगावर काटा आला. तुमचं पटलं. खरं आहे, त्याच सुमारास मी सायकलही सुरू केली होती.

—

कषाय :

आयुर्वेदाचा विद्यार्थी आणि आता वैद्य म्हणून दोन गोष्टी. अतसीचं वर्णन भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात मधुर-तिक्त, स्निग्ध, पचायला जड, उष्ण, वात कमी करणारी असं येतं. त्याच ग्रंथात तिला डोळ्यांना आणि शुक्राला अहितकरही म्हटलं आहे. आयुर्वेदाच्या नावाने जवस विकणारे पहिला अर्धा भाग सांगतात आणि दुसरा गाळतात. ज्यांची प्रकृती उष्ण, ज्यांना आम्लपित्त, तोंड येणं असा त्रास, त्यांना उन्हाळ्यात मी रोज देत नाही. थंडीत, जड भाकरी पचवणाऱ्या कष्टकऱ्याला उत्तम. विदर्भात जवस थंडीतल्या जेवणात जास्त आणि लसूण-तिखटाबरोबर येतो, यात मला जाण दिसते.

बाहेरून लावायला मात्र अतसी फार जुनी आणि भरवशाची. पिकत नसलेल्या गळवावर उपनाह, म्हणजेच पोटीस. अबोली, तुमच्या घरी करत असतील तसंच : अळशीचं पीठ उकळत्या पाण्यात घालत ढवळायचं, दाट खळ झाली की स्वच्छ फडक्यात घालून, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून उष्णता बघायची आणि मग ठेवायचं. यातला चिकट अंश उष्णता आणि ओल दोन्ही धरून ठेवतो, म्हणून साध्या गरम फडक्यापेक्षा ते जास्त वेळ काम करतं. मधुमेही माणसाच्या पायावर हे कधीही करू नका. तिथे संवेदना कमी असते, भाजल्याचं कळत नाही.

भाजल्यावर चुन्याची निवळी आणि अळशीचं तेल फेटून लावायची पद्धत अनेक घरांत होती. ती युरोपातही होती. स्कॉटलंडच्या कॅरन लोखंड कारखान्यात भाजलेल्या कामगारांना हेच लावत, म्हणून त्याला कॅरन ऑइल नाव पडलं. पण आज कुणी करू नये. भाजल्यावर वीस मिनिटं वाहतं गार पाणी, आणि मग डॉक्टर. तेल लावलं की उष्णता आत कोंडते.

—

तैलरंग :

खाण्यापलीकडचं थोडं. मी चित्रं काढतो, आणि माझ्या पॅलेटवर रोज जवसाचं तेल असतं. ज्या गुणामुळे हे तेल स्वयंपाकघरात खवट होतं, त्याच गुणामुळे चित्रकाराला ते लागतं. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते सुकतं, सुकतं म्हणजे वाफ होऊन उडत नाही, तर त्याचा घट्ट पापुद्रा बनतो. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीची युरोपातली तैलचित्रं त्या पापुद्र्यात अजून तशीच आहेत. खिडकीच्या काचेची पुट्टीही खडूची पूड आणि अळशीचं तेल. फ्रेडरिक वॉल्टनने हेच सुकलेलं तेल वापरून लिनोलियमची जमीन बनवली, १८६३ साली त्याचं पेटंट घेतलं. आणि क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाने नव्या बॅटला अळशीचं तेल चोळून ती आडवी ठेवलेली आठवत असेल.

एक धोक्याची सूचना : या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. सुकताना उष्णता निघते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका. आणि हार्डवेअरच्या दुकानातलं 'डबल बॉइल्ड' तेल खाण्याचं नाही. त्यात सुकवायला धातूंचे क्षार घातलेले असतात. हे कुणाला सांगायला हवं असं वाटत नव्हतं, पण माझ्या ओळखीच्या एकाने स्वस्त म्हणून ते स्वयंपाकाला आणलं होतं.

—

प्रेअरी_वारा :

सास्काचेवानमधून लिहितेय. कॅनडातला सर्वात जास्त जवस याच प्रांतात होतो. इथे मे महिन्यात पेरतात, जुलैत फुलतो. पहिल्या वर्षी नवऱ्याने गाडी थांबवली आणि म्हणाला, ते तळं बघ. ते तळं नव्हतं. मी अमरावतीची, मला लगेच कळलं, पण तोवर डोळ्यांत पाणी आलं होतं.

इथल्या शेतकऱ्यांचा त्रास वेगळा. खोड इतकं चिवट की ते लवकर कुजत नाही आणि यंत्रात गुंडाळतं. अनेक जण काड जाळून टाकतात. आणि २००९ साली युरोपला गेलेल्या मालात जनुक बदललेल्या एका वाणाचे अंश सापडले, तेव्हा युरोपची बाजारपेठ हातची गेली. आमच्या शेजारचे म्हातारे शेतकरी अजून त्याबद्दल हळहळून बोलतात.

इथे पिवळा जवसही मिळतो. गुणात तपकिरीपेक्षा फारसा फरक नाही. फक्त एक जात ओमेगा-३ मुद्दाम कमी केलेली असते, तेल टिकावं म्हणून. ती घेऊन उपयोग नाही.

—

रानवारा :

तसं वाण आपल्याकडेही आहे, भाभा अणुसंशोधन केंद्राचं टीएल-९९. स्वयंपाकाच्या तेलासाठी चांगलं. चटणीसाठी मी जुनंच लावतो.

—

अबोली :

सगळ्यांचे आभार. आईच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनीही गोळीत आणि जवसात अंतर ठेवा असंच सांगितलं. मग काल चटणी करून पाहिली. एक वाटी जवस, आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट, जिरं, मीठ. चव बरी आहे, पण मागे कडवटपणा राहतो. काय चुकलं? मिक्सरमध्ये फिरवली.

—

वैनगंगाकाठ :

दोनच शक्यता. एक, जवस जुना. भाजायच्या आधी चार दाणे चावून बघायचे. ताज्याची चव बदामासारखी लागते, जुन्याची रंगासारखी, घशात धरते. तसा असेल तर कितीही भाजला तरी सुधारत नाही. दोन, आच मोठी होती. जाड बुडाची कढई, मंद आच, सतत हलवत राहायचं. तडतडायला लागला की मनात वीसपर्यंत मोजून लगेच ताटात काढायचा, कढईत तसाच ठेवला तर बुडाच्या गरमीने करपतो.

पूर्ण गार झाल्यावरच कुटायचा. मिक्सर असेल तर एकदम फिरवू नका, थांबून थांबून, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. लसूण वेगळी, थोडी परतून, शेवटी घाला. आणि एकदम वाटीभर करू नका. कुटलेला जवस हवेने खवट होतो, आठ-दहा दिवसांपुरताच करून काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. अख्खा भाजलेला मात्र डब्यात महिनाभर छान राहतो.

खाताना ज्वारीची गरम भाकरी, चटणीला मधे खळगा, त्यात कच्चं तेल. जवसाचं मिळालं नाही तर शेंगदाण्याचं चालेल. आणि आईला वरून पाणी प्यायची आठवण करा.

—

अबोली :

जुनाच होता. पाकिटावरची तारीख आत्ता बघितली, पॅकिंग होऊन चौदा महिने झालेत. रानवारा, तुमच्याकडून दोन किलो घ्यायचा तर निरोप कसा करू?

—

रानवारा :

नवा माल मार्चमध्ये निघेल ताई. सध्या बोंडं धरली आहेत. तुमचे दोन किलो बाजूला ठेवतो, इथेच कळवतो.